आमचा परिचय व त्यांतील एक दुरुस्ती

आमच्या शाळेच्या वार्षिक अंकाचा असा एक जुना रिवाज आहे कीं, जो शिक्षक त्या वर्षीं निवृत्त होतो, त्यानें मराठी विभागासाठीं आपला स्वतःचा परिचय लिहून द्यावा. ह्या वर्षीं ती पाळी आमच्यावर आली. विभागाचे विद्यार्थी-संपादक एके दिवशीं मधल्या सुटींत शिक्षकांच्या खोलींत आले आणि मोठ्या अदबीनें म्हणाले, "सर, दोनतीन पानं पुरे. जन्म, शिक्षण, आवडीनिवडी, आणि शेवटी आम्हांला संदेश." ३४ वर्षें आम्ही मुलांना निबंधाचे मुद्दे देत आलों, आज मुलांनीं आम्हांस मुद्दे दिले! सूड घ्यावा तर असा.

मुद्दे हातीं आल्यावर लेख लिहिण्यास कितीसा वेळ लागणार, ह्या विश्वासानें आम्ही त्याच रात्रीं लिहावयास बसलों. जन्म १९६७, जिल्हा सातारा, शिक्षण बी.ए., बी.एड.; आवड वाचनाची; नावड गोंगाटाची. येथपर्यंत लेखणी भराभर चालली. मग लक्षांत आलें कीं, हा मजकूर आमच्या सेवापुस्तकांत शाईनें लिहिलेला आहेच, व त्याखालीं वरिष्ठांच्या सह्याहि आहेत. तो वाचून आम्ही कोण हें आजवर कोणास समजलें असेल असें वाटत नाहीं.

शेवटीं तो मसुदा आम्हीं आमच्या सौभाग्यवतींस वाचून दाखविला. त्यांनीं दोन आक्षेप घेतले. पहिला असा कीं, "ह्यांत तुम्ही कुठं आहात? दाराला कडी लावत नाही, पाणी अर्धा पेला पिता, स्टँडवर तासभर आधी जाऊन बसता, हे लिहा. म्हणजे लोक ओळखतील." दुसरा आक्षेप असा कीं, "आणि एकट्या माणसाला 'आम्ही' कशाला हवं?" पहिला आक्षेप आम्हांस तत्काळ मान्य झाला, व म्हणून हा लेख आमच्या खोडींविषयींच लिहिला आहे. दुसऱ्याचें उत्तर आम्हांस तेव्हां सुचलें नाहीं. तें लिहितां लिहितां सांपडलें व शेवटीं दिलें आहे.

पहिली खोड दाराची. रात्रीं निजतांना आम्ही दाराला कडी घालीत नाहीं. दार नुसतें लोटून त्याला एक खुर्ची टेकवून ठेवितों. शेजाऱ्यांनीं ह्याचा अर्थ आमच्या घरांत चोरण्यासारखें कांहीं नाहीं असा लाविला आहे, व तो अगदींच चुकीचा नाहीं. परंतु खरें कारण निराळें आहे. तें ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेपर्यंत मागें जातें. तेव्हां आमचें बिऱ्हाड पाटणास होतें, आणि आमचें वय अवघें सात महिन्यांचें होतें. त्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला. त्यांत सुमारें १८० माणसें मृत्युमुखीं पडलीं, व कोयनानगरांतील बहुतेक घरें पडलीं. मोठ्या धरणांत सांठविलेल्या पाण्यामुळें भूकंप होऊं शकतात ह्याचें ठळक उदाहरण म्हणून जगांतील शास्त्रज्ञ आज कोयनेचें नांव घेतात. आमच्या आजीला त्या शास्त्रापैकीं एवढेंच समजलें कीं, घर हलूं लागलें, आणि चौकट कलल्यामुळें दाराची कडी निघेना. वडील कामानिमित्त परगांवीं होते. आजीनें व आईनें मिळून कडी ओढून पाहिली. ती हलेना, तेव्हां आजीनें वरवंट्यानें कोयंडाच उखडून काढला. मग तिनें आम्हांस गोधडीसकट उचललें आणि त्या दोघी अंगणांत आल्या. त्यानंतर माजघरावरचीं कौलें खालीं आलीं.

पुढें घर दुरुस्त झालें, पण तो कोयंडा आजीनें पुन्हां बसवूं दिला नाहीं. त्यानंतर जेथें जेथें आमचें बिऱ्हाड गेलें तेथें तेथें ती रात्रीं उठून दार चांचपून पाही, आणि कोणी कडी घातली असेल तर ती काढून ठेवी. आम्हांस त्या पहाटेचें कांहींएक आठवत नाहीं. आठवण आजीची होती, ती तिच्याबरोबर गेली. खोड मात्र आमच्याकडे राहिली.

दुसरी खोड पाण्याची. आम्हांस पाणी द्यावयाचें झाल्यास पेला अर्धाच भरावा लागतो. भरलेला पेला पुढें आला तर निम्में पाणी आम्ही आधीं दुसऱ्या भांड्यांत काढून ठेवितों, आणि मगच पेला ओठांस लावितों. लग्नकार्यांत ह्यावरून आमची पुष्कळ थट्टा होते. शाळेच्या आवारांतील एखादा नळ टपटपत असलेला खिडकींतून दिसला, तर कविता अर्ध्यावर टाकून आम्ही तो बंद करण्यास धांवतों, हें तर तुम्हीं सर्वांनीं पाहिलेंच आहे. आणि तेवढ्या वेळांत वर्गांत काय काय होतें, हेंहि आम्हांस ठाऊक आहे.

ही खोड आमच्या आजोळची. तें गांव माण तालुक्यांत आहे. १९७२ सालीं महाराष्ट्रांत मोठा दुष्काळ पडला. आजोळचीं सारीं धडधाकट माणसें दुष्काळी कामावर, रस्त्याची खडी फोडावयास जाऊं लागलीं. घरीं उरलीं म्हातारी माणसें आणि लहान मुलें. त्यांना सांभाळण्यासाठीं आई आम्हांस घेऊन तेथें गेली व चार महिने राहिली. आम्ही तेव्हां पांच वर्षांचे होतों, त्यामुळें हें मात्र आम्हांस स्वतःला आठवतें. अमेरिकेहून आलेल्या लाल मिलोच्या भाकरी आठवतात. कामावर मजुरांस सुकडी मिळत असे. मामा आपल्या वांट्याची सुकडी धोतराच्या सोग्यांत बांधून घरीं आणीत आणि आम्हां पोरांना मूठ मूठ वांटीत, तें आठवतें. त्याच काळांत रोजगार हमीची योजना राज्यभर सुरू झाली व १९७७ सालीं तिचा कायदा झाला, हें मुलें पुस्तकांत वाचतात. आम्हांस तो शब्द वाचतांना मामांच्या धोतराचा सोगा दिसतो.

परंतु सर्वांत स्पष्ट आठवते ती विहीर. तिच्या तळाशीं खडकांत एक खळगा होता व त्यांत थोडें थोडें पाणी झिरपत असे. बायका आळीपाळीनें खालीं उतरत आणि वाटीनें तें पाणी घागरींत भरीत. आई डोक्यावर ऊन असतांना उतरे ती सांवल्या लांबल्यावर वर येई. एके दिवशीं आम्हीं पेल्यांत उरलेलें पाणी खेळतां खेळतां अंगणांत ओतून दिलें. आई आतां मारणार असें वाटलें. पण तिनें मारलें नाहीं. ती त्या ओल्या मातीकडे पाहत नुसती उभी राहिली. त्या दिवसापासून आम्ही अर्धाच पेला घेतों.

तिसरी खोड एकटी नाहीं. तें एक मोठें कुटुंबच आहे. गाडी दहाची असेल तर आम्ही नवाला स्टँडवर हजर असतों. लग्नांत, सभेंत, सकाळच्या प्रार्थनेच्या वेळीं, जेथें जेथें माणसें एकत्र बसलेलीं दिसतात तेथें तेथें आम्ही मनांतल्या मनांत त्यांची मोजदाद करीत असतों. सुटे पैसे दोनदां मोजल्याशिवाय खिशांत टाकीत नाहीं. प्रवासांत पिशवी उशाखालीं असल्याशिवाय आम्हांस झोंप येत नाहीं. आणि वर्गांत "थांबा" किंवा "सुरू करा" असें आम्ही तोंडानें क्वचितच म्हणतों. डस्टर टेबलावर एकदां आपटलें कीं थांबावें व दोनदां आपटलें कीं चालूं करावें, हें शास्त्र आमच्या हाताखालून गेलेल्या प्रत्येक मुलास पाठ आहे. मुलें आमच्या पाठीमागें आम्हांस 'डबल बेल' म्हणतात, हेंहि आमच्या कानीं आलें आहे. त्याचा आम्हांस राग नाहीं. उलट, तें नांव ज्यानें ठेविलें त्यानें नकळत आमचा खरा परिचय करून दिला आहे. कारण आमचे वडील एस.टी.मध्यें कंडक्टर होते.

आम्ही त्यांस तात्या म्हणत असूं. त्या वेळच्या मुंबई राज्याची एस.टी. १ जून १९४८ रोजीं पुणें ते अहमदनगर, म्हणजे आजचें अहिल्यानगर, ह्या मार्गावर पहिल्यानें धांवली. तात्या तिच्या सेवेंत शिरले ते १९६२ सालीं. आतां कंडक्टरच्या हातांत यंत्र असतें व त्यांतून कागदाची पट्टी निघते. तात्यांच्या काळीं पत्र्याची पेटी असे, आणि तिच्यांत निरनिराळ्या किंमतींच्या तिकिटांच्या गड्ड्या ओळीनें लावलेल्या असत. प्रवाशानें गांवाचें नांव घेतलें कीं भाडें तोंडपाठ सांगावयाचें, दोनतीन तिकिटें जुळवून ती रक्कम पुरी करावयाची, चिमट्यानें त्यांना भोंक पाडावयाचें आणि सुटे पैसे मोजून द्यावयाचे. आणि हें सर्व गाडी घाटांत वळत असतांना उभ्यानें करावयाचें. टप्प्याटप्प्याला माणसें मोजून वेबिल भरावयाचें. रात्रीं आगारांत हिशोब द्यावयाचा, व रोकड कमी भरली तर ती पदरची घालावयाची. दोरी एकदां ओढली कीं ड्रायव्हरनें गाडी थांबवावयाची, दोनदां ओढली कीं सोडावयाची. मुक्कामाची गाडी असली म्हणजे आडगांवीं त्या गाडींतच पैशांची पिशवी उशाला घेऊन निजावयाचें. भूकंपाच्या रात्रीं तात्या घरीं नव्हते ते अशाच एका मुक्कामाच्या गाडीवर गेले होते म्हणून. वाचकांनीं आमच्या वरील खोडींची यादी आतां पुन्हां एकदां पाहावी. तींतील एकहि आमची स्वतःची नाहीं.

येथवर आम्ही मोकळेपणानें लिहीत आलों. आतां ज्या दुरुस्तीसाठीं हा लेख लिहिला तिच्याकडे वळतों, आणि लेखणी जड होते.

जून १९७७ मध्यें आम्ही ह्याच शाळेंत पांचवीच्या वर्गांत दाखल झालों. तात्यांची बदली सातारा आगारांत झाली होती, आणि मुलाचें शिक्षण चांगलें व्हावें म्हणून त्यांनीं आम्हांस येथें घातलें. फी व गणवेश ह्यांसाठीं ते सुटीच्या दिवशींहि दुसऱ्याची पाळी करीत असत, हें आम्हांस फार पुढें कळलें. पहिल्या दिवशीं वर्गशिक्षकांनीं प्रत्येकास उभें करून नांव, गांव व वडिलांचा धंदा विचारला. आमच्या पुढच्या बांकावर एका वकिलांचा मुलगा होता व त्याच्या शेजारीं एका डॉक्टरांचा. दोघांचेहि बूट नवे होते. आमची पाळी आली, आम्ही उभे राहिलों, आणि आमच्या तोंडून शब्द निघाले, "वडील एस.टी.त अधिकारी आहेत." शिक्षकांनीं तसें टिपून घेतलें व ते पुढच्या मुलाकडे वळले. खोटें बोलण्यास मोठें धाडस लागत असेल अशी आमची समजूत होती. तें कांहींच लागलें नाहीं.

पुढें दिवाळीच्या सुटीपूर्वीं एका रविवारीं आम्ही चौघे वर्गमित्र वाईस निघालों. आमच्यापैकीं एकाचे काका तेथें राहत असत. कृष्णेच्या घाटावरचा ढोल्या गणपति पाहावयाचा, आणि मग मेणवलीस जाऊन नाना फडणविसांचा वाडा व तेथील घाटावरची घंटा पाहावयाची, असा बेत होता. तात्यांची त्या दिवशीं कोल्हापूरच्या गाडीवर पाळी आहे, ह्याची आम्हीं घरून निघण्यापूर्वीं खात्री करून घेतली होती. गाडींत जागा धरून आम्ही गप्पा मारीत बसलों. गाडी सुटतां सुटतां मागच्या दारानें कंडक्टर चढला व दोनदां घंटा झाली. ती ऐकतांच आमच्या पोटांत गोळा आला. कारण ती दोरी ओढण्याची लय आमच्या ओळखीची होती. कोणी आजारी पडल्यामुळें ऐन वेळीं पाळी बदलली होती.

तात्या एकेका बांकापाशीं तिकिटें देत पुढें येऊं लागले. अंगांत खाकी पोशाख, कानावर पेन्सिल, खांद्याला पिशवी. आम्ही खिडकीबाहेर तोंड करून बसलों. लिंब फाटा मागें पडला, आणि ते आमच्या बांकाशीं आले. आम्हांस पाहतांच त्यांचा चेहरा उजळला, ते हांक मारणार, तितक्यांत आमचा मित्र मोठ्या ऐटींत म्हणाला, "चार हाफ, वाई. आणि ह्याचे वडील तुमच्याच एस.टी.त अधिकारी आहेत बरं का!"

तात्यांनीं आमच्याकडे पाहिलें. आमची मान खालीं गेली. मग परक्या मुलाशीं बोलावें त्या आवाजांत ते म्हणाले, "असं होय? मग साहेबांना आमचा नमस्कार सांगा हो, बाळ." त्यांच्या बोलण्यांत टोमणा नव्हता. टोमणा असता तर आम्हांस तो आज इतका आठवला नसता. त्यांनीं चार तिकिटें काढलीं, एकेक करून चौघांच्या हातांत दिलीं, सुटे पैसे दोनदां मोजून परत केले, आणि ते पुढच्या बांकाकडे गेले. वाई येईपर्यंत ते पुन्हां आमच्या बाजूस फिरकले नाहींत. उतरतांना ते दाराशीं उभे राहून सर्वांना "सांभाळून उतरा" म्हणत होते. आम्हीं पायरीवर पाय ठेविला तेव्हां त्यांचा हात आमच्या पाठीमागें, पाठीला न लागतां, आधारासाठीं धरलेला होता.

मेणवलीची घंटा आम्हीं पाहिली. वसईच्या १७३९ सालच्या विजयानंतर मराठ्यांनीं पोर्तुगिजांकडच्या ज्या घंटा आणल्या त्यांपैकीं ती एक, असें मित्राच्या काकांनीं सांगितलें. मित्र तिच्याखालीं उभे राहून आनंदानें ओरडत होते. आम्हांस तें नीट ऐकूंहि येत नव्हतें.

रात्रीं घरीं आलों तों तात्या जेवावयास बसले होते. आतां काय होतें ह्या भीतीनें आम्ही उंबऱ्याशींच थबकलों. त्यांनीं वर पाहिलें व विचारलें, "आलास? वाई बघितलीस का नीट? ती घंटा लई मोठी आहे म्हणतात, खरं का?" ह्यापलीकडे ते कांहीं बोलले नाहींत. आईलाहि त्यांनीं त्या दिवशीं कांहीं सांगितलें नाहीं, व पुढें कधींहि सांगितलें नाहीं. शाळेच्या पालकसभेस मात्र ते तेव्हांपासून खाकी पोशाख घरीं काढून ठेवून, पांढरा सदरा घालून येऊं लागले, व मागच्या रांगेंत बसूं लागले.

आम्ही मॅट्रिकची जागा घेतलेली दहावी उत्तीर्ण झालों, पदवी घेतली, आणि १९९१ सालीं ह्याच शाळेंत शिक्षक म्हणून रुजू झालों. पहिल्या दिवशीं तात्या आम्हांस फाटकापर्यंत पोहोंचवावयास आले. ते कामावर निघाले होते, म्हणून अंगांत खाकी पोशाख होता. आम्हीं म्हटलें, "तात्या, आत या, शाळा दाखवतो." ते म्हणाले, "नको, तुझे साहेब असतील," आणि परत फिरले. १० वर्षांच्या मुलाची लाज त्यांनीं तोपर्यंत जपून ठेविली होती. तात्या २००६ सालीं गेले. त्यांची क्षमा मागण्यास आम्हांस २९ वर्षें मिळालीं होतीं. प्रत्येक गाडीच्या एक तास आधीं स्टँडवर पोहोंचणारे आम्ही, तेवढ्या अवधींत त्यांच्यापर्यंत पोहोंचलों नाहीं. वाईचें तें हाफ तिकीट आमच्या शब्दकोशांत अजून आहे.

ह्याहून अधिक लाजिरवाणी गोष्ट तात्या हयात असतांनाच घडली होती. १९९६ च्या जूनमध्यें आठवीच्या वर्गावर आम्हीहि जुन्या चालीनें नांव, गांव व वडिलांचा धंदा विचारीत होतों. एक मुलगा उभा राहून म्हणाला, "वडील पुण्याला कंपनीत साहेब आहेत." मागून कोणी तरी ओरडलें, "खोटं, सर! ह्याचे वडील स्टँडवर हमाली करतात." सारा वर्ग हंसला. आम्हीं डस्टर एकदां आपटून वर्ग गप्प केला. आणि मग खोटें बोलणें कसें वाईट, व श्रमाची लाज धरणें त्याहून कसें वाईट, ह्यावर त्या मुलास पांच मिनिटें व्याख्यान ऐकविलें आणि तास संपेपर्यंत उभें ठेविलें. आमचें व्याख्यान अक्षरशः बरोबर होतें. तें देण्याचा अधिकार मात्र त्या वर्गांत सर्वांत कमी कोणास असेल तर तो आम्हांस होता. तास संपल्याची घंटा झाली तरी तो मुलगा बसला नाहीं. तो खिडकीबाहेर पाहत होता. आणि तसें पाहणें म्हणजे काय, हें आम्हांस चांगलें ठाऊक होतें.

त्या रात्रीं आम्हांस झोंप आली नाहीं. लहान मूल आपल्या वडिलांविषयीं खोटें बोलतें तें त्यांच्यावर त्याचें प्रेम नसतें म्हणून नव्हे. भोंवतालच्या हंसण्याची त्याला भीति वाटते म्हणून. त्या हंसण्यापासून मुलास आधीं वांचवावें, आणि सत्य काय तें त्याला मागाहून, एकांतांत व मायेनें शिकवावें, हें मोठ्या माणसाचें काम आहे. चालत्या गाडींत, हातांत तिकिटें असतांना, तात्यांना हें एका क्षणांत समजलें होतें. आम्हांस अध्यापनशास्त्राची पदवी घेऊनहि समजलें नव्हतें.

पुढच्या वर्षापासून आम्हीं तो प्रश्न विचारणें सोडून दिलें. पहिल्या दिवशीं आम्ही आतां एवढेंच विचारतों, "तुझी एखादी खोड सांग, आणि ती कोणाकडून आली हें ठाऊक असेल, तर तेही सांग." ह्या प्रश्नाला मुलें जीं उत्तरें देतात, तीं ऐकून आमच्या ज्ञानांत फार भर पडली आहे. एक मुलगी कोणतेंहि पुस्तक उघडण्यापूर्वीं त्याचा वास घेत असे. तिची आई छापखान्यांत बांधणीचें काम करी. एक मुलगा समोर माणूस आला कीं त्याच्या खांद्यांची रुंदी नजरेनें मोजी. त्याचे वडील शिंपी होते. एक मुलगी पायांत चप्पल घालण्यापूर्वीं ती नेहमीं उलटी करून झटकी. तिचे आईबाप ऊस तोडणीला जात, आणि फडाजवळच्या कोपींत राहतांना विंचवाच्या धाकानें तिला ती संवय लागली होती. पाहा, धंदा कोणीं विचारला नाहीं, तरी तो आपोआप समजला. आणि तो सांगतांना कोणाचीहि मान खालीं गेली नाहीं, व कोणी हंसलेंहि नाहीं. हंसलें असलेंच, तर सांगणाराहि त्यांत सामील होता.

परंतु १९९६ सालच्या त्या मुलास आम्हीं आजवर हें सांगितलें नाहीं कीं, त्याच्या शिक्षकानेंहि ह्याच शाळेंत तेंच खोटें सांगितलें होतें. त्याची कन्या आज आमच्या शाळेंत शिकते. हा अंक तिच्या दप्तरांतून त्याच्या घरीं जाईल, व कदाचित् त्याच्या हातीं पडेल. पडल्यास त्यानें हें पान स्वतःसाठीं लिहिलें आहे असें समजावें. बाळ, त्या दिवशीं उभें राहावयाचें होतें तें आम्हीं. तुला आम्हीं उगीच उभें केलें. आम्हांस क्षमा कर. एका माणसाची क्षमा मागावयाची आमच्याकडून राहून गेली. दुसऱ्याची तरी राहूं नये.

आतां सौभाग्यवतींच्या दुसऱ्या आक्षेपाचें उत्तर. एकट्या माणसाला 'आम्ही' कशाला हवें? तर आमच्या दाराची कडी आमची आजी काढून ठेविते; आमचा पेला आई अर्धा करिते; सुकडीची मूठ अजून मामांची आहे; आणि वर्गांत डस्टर वाजतें तें तात्यांच्या हातानें. इतकीं माणसें ज्याच्यांत नांदतात, त्यानें 'मी' म्हणावें तर कोणत्या तोंडानें म्हणावें? शोधून पाहिलें, आमचें स्वतःचें असें एक ते खोटेंच काय तें सांपडलें, आणि तें आम्ही येथें परत घेत आहों.

विद्यार्थिमित्रहो, तुम्हीं आमच्याकडे संदेश मागितला होता. संदेश देण्याइतके आम्ही मोठे नाहीं. शेवटचा एक गृहपाठ तेवढा देतों. आज घरीं गेल्यावर आपली एक खोड निवडा, आणि ती कोणाची आहे तें घरच्या वडील माणसांना विचारा. ज्यांची असेल त्यांच्याजवळ घटकाभर बसा. त्यांच्या अंगावर कोणता पोशाख आहे हें पाहूं नका. आणि ते शाळेच्या फाटकाशीं आले तर त्यांना हाताला धरून आंत आणा. पालकांस आमची एवढीच विनंती आहे कीं, मुलानें कधीं तुमची लाज धरली, तर तात्यांचें स्मरण करावें व त्याच्या पाठीमागें हात धरून ठेवावा. मुलाला तो उशिरा समजतो, पण समजतो.

आणि संपादकांस विनंती कीं, त्यांनीं पुढील दुरुस्ती ठळक अक्षरांत छापावी. जून १९७७, इयत्ता पांचवी, वर्गशिक्षकांनीं आमच्या नांवापुढें जी नोंद केली ती चुकीच्या माहितीवर केलेली होती. ती अशी वाचावी : वडिलांचा धंदा, एस.टी. कंडक्टर, सातारा आगार.